भंगारातून सोडवलेलं हार्वर्ड विमानाचं इंजिन शाळेत मांडायचंय, मदत हवी

गिरणाकाठ | १२ मे, रात्री १०.४०

नमस्कार मंडळी. मी भडगाव तालुक्यातला, आयटीआयला फिटर ट्रेड शिकवतो. गेल्या महिन्यात जळगावला एमआयडीसीच्या बाजूच्या एका भंगाराच्या वखारीत बेअरिंग शोधायला गेलो होतो. केळीच्या मोडक्या क्रेटांमागे, फाटक्या ताडपत्रीखाली नऊ सिलिंडर गोलाकार मांडलेलं एक धूड दिसलं. दोन पोरं घण घेऊन तयार होती, अ‍ॅल्युमिनियम वेगळं आणि लोखंड वेगळं करायला. एका सिलिंडरच्या फिन्स आधीच फोडलेल्या. मी मध्ये पडलो, मालकाला चहा पाजला आणि वजनाच्या भावाने सौदा केला. कुठल्याशा तंत्रसंस्थेच्या लिलावातून ते आलं होतं, याहून जास्त त्याला सांगता येईना. पैसे आमच्या गावच्या हायस्कूलच्या माजी विद्यार्थ्यांनी जमवले. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत कडब्याच्या पेंढ्या अंथरून घरी आणलं.

उतरवताना निम्मं गाव जमलं होतं. सहावीतली एक मुलगी म्हणाली, "सर, इतलं मोठं लोखंडनं फूल!" तेव्हापासून मला ते फूलच दिसतंय.

व्यास चार फूट चार इंच भरला. पुढच्या नाकाडावरचं ग्रीस डांबरासारखं घट्ट झालेलं. डिझेलचा बोळा तासभर फिरवल्यावर खालून पंख पसरलेला गरुड निघाला. इंजिन जाम आहे, शाफ्ट तसूभर हलत नाही. चालू करायचं नाहीच, विज्ञानाच्या दालनात मांडायचंय. शाळेच्या समितीतल्या दोघांचं म्हणणं, सिल्व्हर रंग मारा आणि फाटकाजवळ झेंड्याच्या खांबाशेजारी उभं करा. मला ते पटत नाही, पण नेमकं काय करावं हेही कळत नाही. जाणत्यांनी सांगावं.

हवाईफिटर | १३ मे, सकाळी ६.१५

भाऊ, फोटो पाहिले आणि रात्री झोप लागली नाही. मी हवाई दलात इंजिन फिटर होतो, आता धुळ्यात असतो. हे प्रॅट अँड व्हिटनीचं वास्प आहे, आर-१३४०. वास्प म्हणजे गांधीलमाशी. १३४० हा आकडा घन इंचांचा, म्हणजे २२ लिटर. बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) आणि स्ट्रोक (पिस्टनची धाव) दोन्ही पावणेसहा इंच, ताकद ६०० अश्वशक्ती, वजन चारशे किलोच्या आसपास. कंपनी १९२५ साली अमेरिकेत हार्टफर्डला सुरू झाली आणि हे तिचं पहिलं इंजिन, त्याच वर्षीच्या २४ डिसेंबरला तयार झालेलं. पुढे अशी सुमारे पस्तीस हजार बनली.

आपल्याकडे ते मुख्यतः हार्वर्ड या शिकाऊ विमानात होतं. दुसऱ्या महायुद्धापासून सत्तरच्या दशकापर्यंत आपल्या वैमानिकांच्या पिढ्या हार्वर्डवर घडल्या. ऑटर विमानातही हेच इंजिन होतं, पण त्याच्या नाकात गिअर असल्याने नाक लांब दिसतं. तुमचं आखूड आहे, म्हणजे पंखा थेट क्रँकशाफ्टवर, मध्ये गिअर नाही. हार्वर्डची ती कर्कश करवतीसारखी घरघर ज्याने ऐकली त्याला ती जन्मभर पुरते, आणि तिचं कारण हेच. नऊ फुटी पंखा मिनिटाला २२५० फेरे थेट घेतो, पात्याचं टोक सेकंदाला सव्वातीनशे मीटरच्या आसपास पळतं. ध्वनीच्या वेगाच्या अगदी जवळ.

आता कळकळीची विनंती. शाफ्टला पाइप लावून जोर लावू नका. मागून पाहिलं तर १ नंबर सिलिंडर वर, मग घड्याळाच्या काट्याप्रमाणे मोजा. ५ आणि ६ सगळ्यात खाली येतात. वर्षानुवर्षं तेल आणि पाणी तिथेच साठतं. आधी सगळे अठरा स्पार्क प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरला दोन, खालच्या दोघांचे सर्वांत पहिले. द्रव दाबला जात नाही, जबरदस्ती केली की लिंक रॉड, म्हणजे पिस्टनला मधल्या मास्टर (मुख्य) रॉडशी जोडणारा दांडा, वाकतो.

पिंपळनेरकर | १३ मे, सकाळी ९.०५

जबरदस्त काम हातात घेतलंत भो! माझा साक्रीला फॅब्रिकेशनचा धंदा आहे, स्टँड माझ्याकडून, मजुरी नको. सँडब्लास्ट करून द्यायचं का? एका दिवसात चकाचक होईल. आणि अर्धं कापून आतलं दाखवलं तर पोरांना जास्त समजेल असं वाटतं.

रसायनताई | १३ मे, दुपारी २.३०

दादा, कापू नका, निदान व्हॉल्व्ह तरी नकोच. या इंजिनांच्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हची दांडी पोकळ असते आणि आत सोडियम भरलेलं असतं. गरम झाल्यावर ते वितळून आत हिंदकळतं आणि व्हॉल्व्हच्या डोक्याची उष्णता दांडीकडे आणतं. त्यावर ग्राइंडर चालवला आणि पाणी लागलं तर सोडियम भडकतो. कॉलेजात सोडियमचा वाटाण्याएवढा तुकडा पाण्यात टाकून दाखवताना मी काच लावून दूर उभी राहते, यावरून समजा.

बाकीचंही सांगते, कारण तिथे मुलं असणार. सिलिंडरच्या आतली राखाडी खपली शिशाची असते, विमानाच्या पेट्रोलमध्ये शिसं असायचं. ती कोरडी खरवडू नका. डिझेलने भिजवून पुसा, हातमोजे घाला आणि ती चिंधी चुलीत टाकू नका. नटबोल्टांवरचा सोनेरी झाक असलेला मुलामा कॅडमियमचा असू शकतो, त्याला वायरब्रश किंवा गॅसची बत्ती लावायची नाही. पिवळट हिरवा प्रायमर दिसला तर तो क्रोमेटचा, कोरडा घासायचा नाही. जुन्या गॅस्केटांत अ‍ॅस्बेस्टॉस असण्याची शक्यता धरूनच चाला.

आणि काही कव्हरं अ‍ॅल्युमिनियमची नसून मॅग्नेशियमच्या मिश्रधातूची असू शकतात. दिसायला सारखीच. आतल्या बाजूला कोपऱ्यात व्हिनेगरचा एक थेंब टाका. बुडबुडे आले तर मॅग्नेशियम, लगेच पुसून घ्या. त्याचा कीस पेटतो आणि पाण्याने विझत नाही, उलट जास्त भडकतो. जवळ कोरड्या वाळूची बादली ठेवा.

हवाईफिटर | १३ मे, दुपारी ४.१०

ताईंनी सांगितलेलं एकेक अक्षर खरं आहे. वाळूच्या माऱ्याला, म्हणजे सँडब्लास्टला, माझाही नकार. वाळू अ‍ॅल्युमिनियम खाते आणि तेलाच्या नळ्यांत जाऊन बसते, मग ती कधीच पूर्ण निघत नाही. डिझेल, नायलॉनचा ब्रश, बांबूची काडी आणि वेळ. एवढंच लागतं.

मोडीवाचक | १३ मे, रात्री ९.२०

मी कागदपत्रांच्या जतनाचं काम करतो, इंजिनातलं कळत नाही. पण नियम एकच. काही सोडवण्याआधी फोटो, प्रत्येक सुट्या भागाला चिठ्ठी, आणि असं काहीच करायचं नाही जे पुढच्याला उलटवता येणार नाही. नटांवर रंगाचे ठिपके असतील, तपासनिसाचे शिक्के ठोकलेले असतील, तारेने बांधलेले बोल्ट असतील. ते कुणाच्या तरी हातचे आहेत. सिल्व्हरच्या एका हाताखाली सगळं जातं.

लोकोनाना | १४ मे, सकाळी ५.५०

मी भुसावळ लोको शेडमधला, वाफेच्या इंजिनांवर वीस वर्षं काढली. मोडीवाचकांनी माझ्या मनातलं लिहिलं. स्टेशनांबाहेर शोभेला ठेवलेली वाफेची इंजिनं बघतो तेव्हा पोटात तुटतं. दर वर्षी वरून एक हात काळा, एक हात लाल. कनेक्टिंग रॉडवर आम्ही पंच केलेले नंबर त्या रंगाखाली गाडले गेले. रॉड आम्ही आरशासारखे घासून तेल लावून ठेवायचो, त्याला कुणी रंग लावत नसे.

मास्तर, मूळचा रंग शोधा. कुठल्यातरी क्लँपखाली, वॉशरखाली सापडेलच.

आणि पान्यांचं बघा. इंजिन अमेरिकन आहे, मेट्रिक पाना चालवाल तर षटकोन गोल कराल. इंचातले, सपाटीवर मोजलेले पाने लागतील. ब्रिटिश इंजिन असतं तर व्हिटवर्थ लागले असते. माझ्याकडे दोन्ही पेट्या आहेत.

गिरणाकाठ | २ जून, रात्री ११.१५

सगळ्यांचे आभार मानायला शब्द नाहीत. पिंपळनेरकरांनी चॅनेलचा फिरता स्टँड करून पाठवला, इंजिन चेन ब्लॉकने त्यावर चढवलं. नाना, वायरिंगच्या क्लँपखाली रंग सापडला. क्रँककेस करडी, सिलिंडर काळे.

पण आज एक वाईट गोष्ट सांगायची आहे. दोन अ‍ॅल्युमिनियमची झाकणं मी तालुक्याच्या एका गॅरेजला धुवायला दिली होती. "फक्त डिझेल" असं दोनदा सांगितलं होतं. त्यांनी ती ट्रकचे ब्लॉक धुतात त्या गरम कॉस्टिक सोड्याच्या टाकीत रात्रभर सोडली. सकाळी गेलो तर एक काळं पडून खवडं झालेलं. दुसरं हातात घेतलं तर कड कागदासारखी पातळ, बोटाच्या दाबाने मोडली. आत ठोकलेला एक छोटा गोल शिक्का मी आदल्या दिवशीच पाहिला होता, तो पुसला गेलाय. ऐंशी वर्षांत ना लिलावात गेला, ना भंगारात, आणि माझ्या हातात आल्यावर गेला. दोन दिवस जेवण गेलं नाही.

रसायनताई | ३ जून, सकाळी ७.४०

दादा, वाईट वाटलं. लोखंडाला कॉस्टिक काही करत नाही, म्हणून गॅरेजवाल्यांच्या हातात तेच बसलेलं असतं. अ‍ॅल्युमिनियम मात्र त्यात विरघळतं आणि हायड्रोजन सुटतो. टाकीजवळ कुणी बिडी पेटवली असती तर आणखी वेगळं घडलं असतं. झाकणं भरपूर साध्या पाण्याने धुवा, नीट वाळवा आणि टाकू नका.

मोडीवाचक | ३ जून, सकाळी ८.३०

शिक्क्याचा फोटो काढला होता का?

गिरणाकाठ | ३ जून, सकाळी ८.४५

हो. तुम्ही सांगितलं म्हणून सगळ्याचे काढले होते. आहे.

गिरणाकाठ | २१ जून, रात्री १०.०५

सध्याची स्थिती. अठराही प्लग निघाले. ६ नंबरमधून पाऊण लिटर काळं पाणी आणि तेल निघालं, पिस्टन थोडा हलतोय असं वाटतं. ५ नंबरमध्ये टॉर्च मारला तर भिंतीला विटकरी गंजाचं कडं दिसतं, पिस्टनच्या रिंगांपाशी. खरी अडचण तोच आहे. एका मित्राचं म्हणणं, बत्तीने सिलिंडर तापवून शाफ्टला झटका द्या.

लोकोनाना | २२ जून, सकाळी ५.३५

मास्तर, झटका नाही. आधी स्टँडवर इंजिन फिरवून ५ नंबर वर आणा. खाली असताना तुम्ही प्लगच्या भोकातून कितीही तेल ओता, ते सिलिंडरच्या डोक्यात साठेल, पिस्टनच्या कडेपर्यंत पोचणारच नाही. वर आणलात की तेल पिस्टनच्या माथ्यावर उभं राहील आणि आपोआप झिरपेल. डिझेल आणि गिअरबॉक्सचं पातळ तेल निम्मंनिम्मं. भरा आणि विसरा. आठवड्याने पातळी बघा.

हवाईफिटर | २२ जून, सकाळी ११.२०

नानांचं बरोबर. आणि तापवण्यातली खोच लक्षात घ्या. सिलिंडरचा बॅरल (नळकांडं) पोलादी आणि पिस्टन अ‍ॅल्युमिनियमचा. अ‍ॅल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं. सगळंच तापलं तर पिस्टन बॅरलपेक्षा जास्त फुगून आणखी घट्ट बसेल. थंडीत उलटं होतं. मी हिशेब केला: तुमच्याकडे मे महिन्यात ४५ अंश, डिसेंबरच्या पहाटे १० अंश धरा. ३५ अंशांच्या फरकात १४६ मिलिमीटरच्या पिस्टनात बॅरलच्या तुलनेत सुमारे पाच शतांश मिलिमीटर मोकळीक जास्त मिळते. ऐकायला किरकोळ वाटेल, पण गंजाच्या पापुद्र्याला तेवढी पुरते. खान्देशचा उन्हाळा या कामाचा शत्रू आहे आणि हिवाळा मित्र. डिसेंबरपर्यंत भिजत ठेवा.

पिंपळनेरकर | २२ जून, दुपारी १.१५

पाच महिने?

हवाईफिटर | २२ जून, दुपारी १.४०

हो. ते कुठे उडायचं आहे?

बाकीची कामं करा तोवर. सिलिंडरची डोकी बॅरलपासून सोडवायचा प्रयत्न मात्र करू नका. ती आटे पाडून, तापवून कायमची बसवलेली असतात, सिलिंडर आणि डोकं हा एकच भाग समजा. पुशरॉड (रॉकर ढकलून व्हॉल्व्ह उघडणारे दांडे) काढून नंबर घालून ठेवा. रॉकरांचा भार गेला की सगळे व्हॉल्व्ह मिटतील, ते पुढे कामी येणार आहे. आणि पावसाळ्यासाठी एक आमच्या दलातली रीत: प्लगच्या जागी आरपार दिसणाऱ्या नळ्या बसवायच्या, आत निळी सिलिका जेल. ओल शोषली की ती गुलाबी होते, मग तव्यावर भाजली की पुन्हा निळी. मुलांना रोज रंग नोंदवायला लावा.

गिरणाकाठ | ९ ऑगस्ट, रात्री ९.५०

नळ्या बसवल्या, औषधाच्या प्लास्टिकच्या नळ्यांना आटे पाडून. आठवी 'ब'ची मुलं रोज मधल्या सुट्टीत येऊन वहीत लिहितात, निळा, निळा, जांभळट, गुलाबी. परवा सलग तीन दिवस झड होती, तेव्हा सगळ्या गुलाबी झाल्या. शाळेच्या खिचडी शिजवणाऱ्या मावशींनी तव्यावर भाजून दिल्या, तो तवा आता या कामालाच वेगळा ठेवलाय. मुलांना फायरिंग ऑर्डर (सिलिंडर पेटण्याचा क्रम) ही पाठ झाली: १-३-५-७-९-२-४-६-८. अंगणात नऊ जण गोल उभे राहतात, एक सोडून एक टाळी वाजवतात. दोन फेऱ्यांत नऊ टाळ्या आणि दर टाळीत ८० अंशांचं अंतर. सिलिंडर विषम का लागतात हे फळ्यावर चाळीस मिनिटं समजावलं तेव्हा कळलं नव्हतं. दहा जणांना उभं केलं तर दुसऱ्या फेरीत टाळी पुन्हा त्याच पाच जणांवर आली आणि एक मुलगा ओरडला, "सर, बाकीना पाच उपाशी राह्यनात!"

समितीचंही ठरलं. फाटकाजवळ नाही, दालनातच. सिल्व्हर नाही. जिथे मूळ रंग आहे तिथे फक्त साफ करून मायक्रोक्रिस्टलाइन वॅक्स (जतनासाठी वापरतात ते मेण), जिथे उघडा धातू आहे तिथेही तेच. रंग फक्त भंगारवाल्याच्या गॅसकटरने पोळलेल्या दोन जागांवर, आणि तोही जवळून पाहिलं तर वेगळा ओळखू यावा असा.

मोडीवाचक | १० ऑगस्ट, सकाळी ७.१०

शेवटचं वाक्य वाचून फार समाधान झालं.

हवाईफिटर | १४ डिसेंबर, रात्री ८.३०

भाऊ, उद्या पहाटेचं पक्कं ना? मी रात्रीच्या बसने निघतोय. ग्रीस गन आणि प्लगच्या आट्यांचं अ‍ॅडाप्टर घेतलंय. नवीन मंडळींसाठी लिहितो: व्हॉल्व्ह मिटलेले, एक प्लगहोल बंद, दुसऱ्यातून हाताच्या ग्रीस गनने सिलिंडर ग्रीसने गच्च भरायचा. पिस्टनच्या माथ्याचं क्षेत्रफळ १६७ चौरस सेंटिमीटर. चौरस सेंटिमीटरला ५० किलो दाब आला तरी पिस्टनवर आठ टनांहून जास्त जोर पडतो, तोही सगळीकडे सारखा. चालू इंजिनात हे सिलिंडर एवढा दाब सोसतच होतं. घणाने जे मोडतं ते ग्रीसने सरकतं. मात्र गेज लावूनच, आणि प्लगहोलच्या रेषेत कुणी उभं राहायचं नाही.

गिरणाकाठ | १५ डिसेंबर, सकाळी ९.२५

हात अजून ग्रीसचे आहेत, तसंच लिहितोय.

पहाटे पाचला शेडमध्ये थर्मामीटर ९ अंशांवर होता. श्वासाची वाफ दिसत होती. हवाईफिटर काका, नाना आणि मी. बाहेर शेकोटी होती, पण शेडच्या आत आणू दिली नाही. ग्रीस भरायलाच वीस मिनिटं गेली. मग गेजचा काटा उठला. १०, २०, ३०. थांबलो. काका म्हणाले, घाई नाही, त्याला विचार करू द्या. पाच मिनिटांनी काटा २६ वर उतरलेला. पुन्हा दोन दाब. ३८ ला आतून एक आवाज आला, सुकी शेंग फुटावी तेवढाच, आणि काटा सर्रकन शून्याकडे. मला वाटलं काहीतरी मोडलं. नाना मात्र शाफ्टकडे बोट दाखवत होते. आदल्या रात्री शाफ्टवर आणि नाकाडावर मी खडूची एक सरळ रेघ ओढली होती. ती रेघ तुटली होती. दोन टोकांमध्ये बोटभर अंतर.

काकांनी दोन्ही हात शाफ्टवर ठेवले आणि नुसत्या तळव्यांनी फिरवला. आठही पिस्टन आणि तो नववा, सगळे एका मास्टर रॉडभोवती हलले. काका बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, शेवटचं वास्प मी एकोणीस वर्षांचा असताना फिरवलं होतं.

रसायनताई | १५ डिसेंबर, सकाळी ९.४०

वाचताना डोळे भरून आले. ते ग्रीस आता शिशाने मळलेलं आहे, वेगळ्या डब्यात बंद करा. आणि हात धुवा आधी!

पिंपळनेरकर | १५ डिसेंबर, सकाळी १०.१०

मी यायला हवं होतं. पाच महिने का म्हणून विचारणारा मीच. मांडणीच्या स्टँडला हातचक्की बसवून देतो, चेन आणि स्प्रॉकेट लावून. एक मूल फिरवेल तेवढी हलकी, आणि बोटं जाऊ नयेत म्हणून जाळी.

गिरणाकाठ | १६ डिसेंबर, रात्री १०.३०

५ नंबर सिलिंडर काल संध्याकाळी उतरवला. आत ते गंजाचं कडं तसंच आहे, पिस्टन अडकला होता त्या जागी दोन रिंगांच्या रेषा उमटलेल्या. बाकीचे आठ साफ करायचे ठरलंय. याचं काय करावं? मला वाटतं हा असाच राहू द्यावा, फक्त वॅक्स, आणि शेजारी ते कॉस्टिकने खाल्लेलं झाकण, त्याच्या शिक्क्याच्या फोटोसकट. पाटीवर लिहायचं ते असं: प्रॅट अँड व्हिटनी वास्प आर-१३४०, हार्वर्ड शिकाऊ विमानात वापरल्या जाणाऱ्या जातीचं, फक्त प्रदर्शनासाठी, उड्डाणास अयोग्य. आमच्या हातून झालेली चूकही एका ओळीत. चालेल?

मोडीवाचक | १६ डिसेंबर, रात्री १०.५०

चालेल. चूक कुणाची ते नको, काय झालं तेवढं लिहा.

लोकोनाना | १७ डिसेंबर, सकाळी ५.४०

पाटी चांगली आहे. मी रविवारी सकाळच्या गाडीने येतो, पाचोऱ्याला घ्यायला कुणाला तरी पाठवा. इंचाच्या पान्यांची पेटी शाळेलाच देऊन टाकायची आहे, ती फार जड आहे. वहिनींना म्हणावं, भरीत आणि कळण्याची भाकरी असू द्या. आणि तो ५ नंबरचा मी बघेपर्यंत त्याला वॅक्स लावू नका.